दारातील मुक्या जिवाचे आजारपण



या रविवारचा विषय वाचून काही जणांना हसू येईल. उपवास, प्रार्थना, पापनिवेदन हे सारे सोडून फादर कुत्र्याच्या पोटावर का लिहायला बसले, असे वाटेल. पण घरभेटींना आम्ही जातो तेव्हा आजी-आजोबांच्या गुडघेदुखीनंतर बऱ्याच घरांत दुसरी गोष्ट निघते ती याचीच. कुत्र्याला खाल्लेले पचत नाही, आठ दिवस बरे असते, पुन्हा जुलाब सुरू होतात, पुन्हा दवाखाना. आणि चहाचा कप खाली ठेवता ठेवता कोणीतरी हळूच विचारते, “फादर, एका कुत्र्यावर इतका पैसा घालवणे हे पाप तर नाही ना?” प्रश्न गंभीर आहे, आणि तो विचारणारे लोक मनाने चांगले आहेत. म्हणून आज त्यावर थोडे सविस्तर बोलू.

प्रथम त्या दुखण्याविषयी. आपल्या आजरा तालुक्यात जनावर म्हटले की गाय आणि म्हैस. सरकारी जनावरांचा दवाखाना असो, नाहीतर दूध संघाचे डॉक्टर असोत, त्यांचा बहुतेक वेळ गोठ्यात जातो, आणि ते बरोबरही आहे, कारण त्या म्हशीवर घर चालते. कुत्र्याच्या रक्ताची तपासणी, सोनोग्राफी असे काही निघाले की गडहिंग्लज, कोल्हापूर किंवा बेळगावची वाट धरावी लागते. एस.टी.त कुत्रे नेणे सोपे नाही. मग रिक्षा किंवा ओळखीच्याची गाडी, त्या दिवसाची मजुरी बुडणे, परत येताना सीटवर झालेली उलटी पुसणे. मोठे ऑपरेशन एकदा होऊन जाते, पण पोटाचे दुखणे माणसाला हळूहळू थकवते. रात्री दोनला उठून दार उघडायचे, सकाळी मिस्साला निघण्यापूर्वी अंगण धुवायचे, आणि आज शी घट्ट झाली की पातळ यावर घरातल्या सगळ्यांचा दिवस ठरायचा! हे काम बहुतेक घरांत आई किंवा सूनच करते, याचीही नोंद इतरांनी घ्यावी.

तीन आठवड्यांहून जास्त दिवस जुलाब किंवा उलट्या चालू राहिल्या, तर डॉक्टर त्याला जुनाट दुखणे म्हणतात. त्याची कारणे अनेक आहेत. पोटातले जंत, एखादे अन्न न मानवणे, आतड्याची सूज, यकृताचे किंवा स्वादुपिंडाचे विकार, कधी गोचिडांमुळे येणारा तापही पोटावर येतो. अल्सेशियन जातीच्या कुत्र्यांत एक दुखणे विशेष आढळते. स्वादुपिंडातून पाचक रस पुरेसा तयार होत नाही, त्यामुळे कुत्रे भरपूर खाते आणि तरी वाळत जाते. घरचे त्याला हावरे म्हणून ओरडतात, पण ते बिचारे भरल्या ताटापुढे उपाशी असते. त्यावर प्रत्येक जेवणात पाचक पूड मिसळून द्यावी लागते, आणि ती जन्मभर. अशी वेगवेगळी कारणे असल्यामुळेच डॉक्टर पहिल्याच भेटीत छातीठोकपणे नाव सांगत नाहीत. जंताचे औषध देऊन पाहतात, मग अन्न बदलून पाहतात, मग तपासण्या. आपण मात्र दुसऱ्या भेटीनंतर म्हणतो, “या डॉक्टरला काही कळत नाही,” आणि तिसरीकडे जातो. तिथे सगळे पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. एकाच डॉक्टरकडे धीराने जाणे आणि एका साध्या वहीत रोज काय खाल्ले, किती वेळा उलटी झाली, कोणते औषध दिले हे लिहून ठेवणे, यात पैसाही वाचतो आणि जनावराचे हालही.

सर्वांत अवघड असते ते पथ्य. डॉक्टर सांगतात, काही आठवडे फक्त ठरवून दिलेलेच अन्न, दुसरा कणही नको. अन्नामुळेच त्रास असेल तर साधारण दोन आठवड्यांत बऱ्याचदा फरक दिसू लागतो. पण आपल्या घरात काय होते? आजोबा गुपचूप चहातली बिस्किटे देतात. नातू भाकरीचा तुकडा टाकतो. शेजारीण प्रेमाने मटणाची हाडे आणून देते. प्रत्येक जण म्हणतो, एवढ्याशाने काय होणार! आणि महिनाभराचे पथ्य फुकट जाते. प्रायश्चित्तकाळातील आपला उपवासही बऱ्याचदा असाच मोडतो, हे आपल्याला ठाऊक आहेच.

सणाच्या दिवसांत तर विशेष सांभाळावे. शिजवलेली हाडे फुटून आतड्यात रुततात. चरबीच्या रश्श्याने स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. कांदा आणि लसूण कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशी नष्ट करतात. नाताळच्या केकमधील मनुकांनी त्याची मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात आणि चॉकलेट तर त्याला विषच. माणसाच्या वेदनाशामक गोळ्या मनाने देऊ नयेत. घरी बोकड किंवा डुक्कर कापल्यावर कच्चे काळीज, फुफ्फुस, आतडी कुत्र्यांपुढे टाकण्याची पद्धत बंद झाली पाहिजे. त्यातून एक बारीक पट्टकृमी कुत्र्याच्या पोटात जातो, त्याची अंडी शीतून अंगणात येतात, हाताला लागून मुलांच्या पोटात जातात आणि पुढे अनेक वर्षांनी माणसाच्या यकृतात पाण्याच्या मोठ्या गाठी होतात. टाकाऊ भाग खोल पुरावा. काळी किंवा रक्ताची शी, पोट एकाएकी फुगणे, पाणीही न टिकणे असे दिसल्यास उद्यावर टाकू नये. आणि कुत्र्याला गिळता येत नसेल, तोंडातून लाळ गळत असेल, तर घशात हाड अडकले आहे असे समजून हात घालू नये. तो रेबीजही असू शकतो.

आता त्या मुख्य प्रश्नाकडे येऊ. पाप की पुण्य?

१९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथात परिच्छेद २४१५ ते २४१८ या विषयावर आहेत. तेथे ख्रिस्तसभा दोन्ही बाजू एकाच श्वासात सांगते. प्राणी ही देवाची निर्मिती आहे, आपण त्यांच्याशी दयेने वागण्यास बांधलेले आहोत, त्यांना विनाकारण क्लेश देणे किंवा मारणे माणसाच्या प्रतिष्ठेला शोभत नाही. आणि लगेच पुढे, ज्या पैशावर दुःखी माणसांचा हक्क आधी आहे तो प्राण्यांवर खर्च करणेही शोभत नाही. प्राण्यांवर प्रेम करावे, पण केवळ माणसालाच द्यायचे ते प्रेम त्यांना देऊ नये. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली “लाउदातो सी” या परिपत्रकात निर्मितीतील प्रत्येक जिवाचे स्वतःचे मोल सांगितले, आणि त्यांनीच ५ जानेवारी २०२२ रोजीच्या भेटीत मुलांऐवजी कुत्री-मांजरे पाळणाऱ्या जोडप्यांना फटकारले. वर्तमानपत्रांना यात विसंगती दिसली. आम्हांला दिसत नाही.

तत्त्वज्ञान शिकताना आम्हांला या वादाचा चांगला परिचय झाला होता. सतराव्या शतकात देकार्त यांनी प्राणी म्हणजे एक प्रकारची यंत्रेच असे मांडले. ज्याने एकदा तरी रात्रभर पोटदुखीने कण्हणारे कुत्रे मांडीवर घेतले आहे, त्याला हे पटणार नाही. १७८९ साली इंग्लंडच्या बेंथॅम यांनी प्रश्नच उलटा केला. प्राण्याला बुद्धी आहे का, भाषा आहे का, हे विचारू नका, त्याला दुखते का ते विचारा. संत थॉमस अक्वायनस यांनी मात्र त्यांच्या कितीतरी आधी, तेराव्या शतकात, वेगळी गोष्ट सांगितली होती. प्राण्यावर दया करण्याची सवय लागलेला माणूस माणसावरही दया करू लागतो. आम्हांला वाटते, दोघांचेही ऐकावे. कुत्र्याला दुखते हे खरे, आणि त्याचे दुखणे काढताना आपण बदलतो हेही खरे.

पैशाचे काय? आईच्या रक्तदाबाच्या गोळ्या बंद करून, मुलीची फी थकवून, सोसायटीचे कर्ज काढून कुत्र्याच्या महागड्या तपासण्या करणे चुकीचे आहे, असे आम्ही स्पष्ट सांगू. पण नेमके कारण कळावे म्हणून एकदा केलेली तपासणी, नियमित जंताचे औषध आणि लस, साधे पथ्याचे अन्न, ही चैन नव्हे. जनावर दाराशी बांधले त्या दिवशीच ही जबाबदारी आपण घेतली. आणि “हाच पैसा गरिबाला दिला असता तर” असे म्हणणाऱ्यांनी योहानाच्या शुभवर्तमानातील बेथानीचा प्रसंग आठवावा. मरियेने प्रभूच्या चरणांना मौल्यवान सुगंधी तेल लावले तेव्हा गरिबांची आठवण काढणारा यहूदा होता, आणि योहान लगेच सांगतो की त्याला गरिबांची काळजी नव्हती. कुत्र्यावर खर्च न करणाऱ्यांचा तो पैसा गरिबापर्यंत पोहोचतोच असे आम्ही तरी फारसे पाहिलेले नाही.

पवित्र शास्त्रात कुत्र्याला फारसा मान नाही, हे मान्य केले पाहिजे. नीतिसूत्रकाराने तर मूर्खाला ओकारीकडे परत जाणाऱ्या कुत्र्याची उपमा दिली आहे. पोट बिघडलेले कुत्रे ज्यांनी सांभाळले त्यांना हे चित्र समजावून सांगण्याची गरज नाही. पण त्याच नीतिसूत्रांच्या बाराव्या अध्यायात नीतिमान माणूस आपल्या जनावराच्या जिवाची काळजी घेतो असेही आहे. शब्बाथाची विश्रांती बैलाला आणि गाढवालाही आहे. योनाच्या पुस्तकाचा शेवट काढून पाहा. देव निनवेवर दया करण्याचे कारण सांगतो, त्यात तिथल्या गुराढोरांचाही उल्लेख आहे. श्रीमंताच्या दाराशी पडलेल्या लाजराजवळ तो श्रीमंत माणूस आला नाही, कुत्री आली. कनानी स्त्रीने तर मेजाखालच्या कुत्र्यांचाच दाखला देऊन आपल्या लेकीसाठी कृपा मागून घेतली. आणि आपल्या कॅथलिक बायबलमध्ये तोबिताचे पुस्तक आहे. तोबियस दूरच्या प्रवासाला निघतो, सोबत राफाएल देवदूत असतो, ज्याच्या नावाचा अर्थच देव बरे करतो असा आहे, आणि मागून घरचे कुत्रे चालत असते. ते कुत्रे कथेत काहीही करत नाही. फक्त सोबत जाते आणि सोबत परत येते.

भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावलेले संत नामदेव आपल्या महाराष्ट्राला ठाऊक आहेत. तसेच आपले लिमा शहरातील संत मार्टिन डी पोरेस. १६३९ साली ते वारले, १९६२ साली संत म्हणून घोषित झाले. मठात ते आजारी माणसांची शुश्रूषा करीत आणि त्याच हातांनी जखमी कुत्र्या-मांजरांचीही. मठात जागा नसे, तेव्हा त्यांना ते आपल्या बहिणीच्या घरी ठेवीत, असे त्यांच्या चरित्रात सांगितले आहे. गरिबांना त्यांनी कुत्र्यांसाठी उपाशी ठेवले नाही, कुत्र्यांना गरिबांचे निमित्त सांगून हाकलले नाही.

कधी कधी सर्व उपाय संपतात. जनावर बरे होणार नाही, फक्त हाल होणार, असे डॉक्टर सांगतात. अशा वेळी इंजेक्शन देऊन त्याला शांतपणे जाऊ दिले तर ते पाप आहे का, असेही विचारले जाते. माणसाच्या बाबतीत ख्रिस्तसभेची शिकवण ठाम आहे, माणसाचे आयुष्य संपवण्याचा अधिकार आपल्याला नाही. प्राण्याच्या बाबतीत मात्र विनाकारण मारू नये आणि विनाकारण यातना होऊ देऊ नये, असा नियम आहे. डॉक्टरांच्या सल्ल्याने, वैतागून नव्हे तर दयेने घेतलेला असा निर्णय पाप नाही. त्या वेळी घरातील कोणीतरी जवळ असावे, डोक्यावर हात असावा. मुले विचारतील, आपला कुत्रा स्वर्गात गेला का? २०१४ साली पोप फ्रान्सिस यांनी होय म्हटल्याची बातमी जगभर गेली, पण ती चुकीची निघाली. मुलांना एवढे निश्चित सांगता येईल की पौलाने रोमकरांस पत्रात सारी निर्मिती कण्हत मुक्तीची वाट पाहते असे लिहिले आहे, आणि त्या निर्मितीत आपला कुत्राही येतो.

एक गोष्ट मात्र खपवून घेण्यासारखी नाही. दुखणे लांबले, खर्च वाढला, घाण काढून जीव मेटाकुटीला आला, की काही जण रात्री पोत्यात घालून कुत्रे आंबोलीच्या वाटेवर किंवा दुसऱ्या गावाच्या वेशीवर सोडून येतात. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार उपासमार होईल अशा स्थितीत जनावर सोडून देणे हा गुन्हा आहे. ज्याला पथ्याचा भातही पचत नाही ते जनावर रस्त्यावर किती दिवस काढील? घरच्या माणसांना अगदीच झेपत नसेल, तर त्यांनी आधी आमच्याकडे यावे. संकोच करू नये. आपल्या धर्मग्रामात गाडी असणारे आहेत, रिकामे अंगण असणारे आहेत, निवृत्त होऊन घरी बसलेलेही आहेत. कोणी दवाखान्याची फेरी वाटून घेईल, कोणी आठवडाभर सांभाळील, कोणी नवे घर शोधून देईल. सकाळच्या मिस्सानंतर आम्ही रोज चर्चच्या दारात उभे असतो.

तुमचे धर्मगुरू