धुतलेले हात कुणासाठी

हातातलं काम बाजूला ठेवा आणि जरा स्वस्थ बसा. दोन्ही हात मांडीवर ठेवा, तळवे वर करा. श्वास आपला चालू द्या. आज दिवसभरात या हातांनी काय काय धरलं, ते एकेक करून आठवा. घाई नको.

सोपं जावं म्हणून मनाने ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर-मुरबाडकडच्या एखाद्या घरात जाऊ. त्या घरातल्या बाईने पहाटे गोठ्यातलं शेण काढलं. हापशाचा दांडा धरला. तो तिच्याआधी पाड्यावरच्या कितीतरी जणींनी धरला होता. मुरबाडच्या बाजाराला जाताना एसटीच्या दारातला गज पकडला. बाजारात सुटे पैसे मोजून घेतले. परतल्यावर सर्दी झालेल्या धाकट्याचं नाक पुसलं, त्याची शी धुतली. आता दिवेलागण झाली आहे, तवा तापतो आहे आणि तेच हात परातीतल्या तांदळाच्या पिठाकडे निघाले आहेत.

इथे थांबा. या हातांनी दिवसभर कष्टच केले आहेत. तरीही कुणाचं तरी आजारपण त्यांच्यावर बसलेलं असू शकतं.

ते दिसत नाही. करोनाचा विषाणू इतका बारीक, की तसे दहा हजार एका ओळीत मांडले तर जेमतेम एक मिलिमीटर भरेल. पण एक दिलासा देणारी गोष्ट ध्यानात घ्या. तळहातावर बसून तो काहीच करू शकत नाही. आपल्या कातडीचा सर्वांत वरचा थर मृत पेशींचा असतो आणि विषाणूला वाढायला जिवंत पेशी लागते. सर्दीचा असो, जुलाबाचा असो, तो धड कातडीतून आत शिरत नाही. त्याला डोळा हवा, नाक हवं, तोंड हवं. तिथवर त्याला पोचवतो तो हात. ऑस्ट्रेलियातल्या वैद्यकीय विद्यार्थ्यांचं निरीक्षण करून केलेला एक अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. ते विद्यार्थी तासाला सरासरी २३ वेळा चेहऱ्याला हात लावत होते, आणि ते तर आरोग्याचं शिक्षण घेणारे. हे वाचायला बसल्यापासून तुमचा हात कुठे कुठे गेला, ते आठवून पाहा.

म्हणजे हात स्वतः आजारी पडत नाही. तो धुवायचा तो दुसऱ्या कुणासाठी: आपल्याच डोळ्यांसाठी, भाकरी खाणाऱ्यांसाठी, मांडीवरच्या बाळासाठी. या विचारापाशी थोडा वेळ राहा.

आता साबणाकडे वळू. साबणाच्या प्रत्येक रेणूला दोन टोकं असतात. एकाची ओढ पाण्याकडे, दुसऱ्याची तेला-चरबीकडे. करोना आणि फ्ल्यूच्या विषाणूंवर चरबीचं पातळ आवरण असतं; ज्या पेशीत ते वाढले, तिच्याच पापुद्र्यातून त्यांनी ते घेतलेलं असतं. साबणाची चरबीकडे ओढ घेणारी टोकं त्या आवरणात घुसतात. आवरण फाटतं, आतला ऐवज विखरतो आणि विषाणू निकामी होतो. नुसत्या पाण्याला हे साधत नाही. तेलकट वाटीवरून पाणी ओघळून जातं आणि तेल जागच्या जागी राहतं, तसंच हातावरही होतं.

सगळ्याच विषाणूंना असं आवरण नसतं. लहान मुलांना जुलाब लावणारा रोटाव्हायरस, कावीळ करणारा हिपॅटायटिस ए, यांचं कवच प्रथिनांचं असतं. ते साबणाने सहजी फुटत नाही. पण हातावरच्या तेलकट मळात हे विषाणू अडकून राहतात. साबण तो मळ सैल करतो, चोळल्याने तो सुटतो, पाणी त्याला वाहून नेतं. म्हणून साबण, चोळणं आणि भरपूर धुणं ही तिन्ही कामं लागतात आणि त्यांना वेळ द्यावा लागतो.

तो वेळ आता मनातल्या मनात देऊन पाहा. हात ओले करा, साबण लावा, तांब्या खाली ठेवा, नळ असेल तर बंद करा. वीस सेकंद, सावकाश मोजायचे. आधी तळव्यावर तळवा. मग एका तळव्याने दुसऱ्या हाताची पाठ, आणि उलट. बोटांत बोटं गुंफून बेचक्या. मग अंगठे; घाईत हमखास राहतात ते हेच. मग नखांची टोकं तळव्यावर घासून, कारण भाताच्या लावणीचा चिखल आणि गोठ्यातलं शेण नखांतच ठाण मांडतं. शेवटी मनगटं. मोजताना ज्यांच्यासाठी हात धुतो आहोत, त्यांचे चेहरे समोर येऊ द्या. वीस झाले. आता पाणी घ्या, फेस जाऊ द्या, स्वच्छ कापडाने हात कोरडे करा. ओल्या हातांवरून जंतू लवकर पसरतात.

हे करायला महाग साबण लागत नाही. कराचीच्या गरीब वस्त्यांमधला एक अभ्यास २००५ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. ज्या घरांना साबण आणि हात धुण्याची शिकवण दिली गेली, तिथे पाच वर्षांखालच्या मुलांमधला न्यूमोनिया निम्म्यावर आला आणि पंधरा वर्षांखालच्या मुलांमधले जुलाबही जवळपास निम्म्याने घटले. साधा साबण यात जंतुनाशक साबणाइतकाच कामी आला. तेल आणि अल्कली यांपासून साबण होतो. शहापूर-मुरबाडच्या रानात वेचल्या जाणाऱ्या मोहाच्या बियांचं तेलही साबणासाठी वापरतात. चुलीतल्या राखेतही अल्कलीचा अंश असतो. राखेने हात घासणाऱ्या आज्यांचा अनुभव त्यामुळे पोकळ नव्हता. साबण संपला असेल तेव्हा राख नुसत्या पाण्यापेक्षा बरी. साबण अधिक खात्रीचा.

हात धुतल्याने सगळंच टळतं, असंही मनात धरू नका. गोवर आणि करोना मुख्यतः हवेतून पसरतात. तिथे लस, मोकळी हवा, खोकणाऱ्याने तोंड झाकणं हवंच. रोटाव्हायरसची लस आता बाळांना सरकारी लसीकरणातच मिळते, ती चुकवू नये. साबण या सगळ्यांच्या सोबतीने काम करतो.

आता शेवटचा आणि सर्वांत जड विचार. धुवायला पाणी लागतं.

तानसा धरण १८९२ साली पुरं झालं, तेव्हापासून शहापूर तालुक्याचं पाणी मुंबईला जातं. मुंबईच्या रोजच्या पाण्यातला निम्म्याच्या आसपास वाटा आज याच तालुक्यातल्या एकट्या भातसा धरणाचा आहे. पावसाळ्यात इथे डोंगर वाहतात. आणि एप्रिल-मे आला की याच तालुक्यातल्या पाड्यांवर टँकरची वाट पाहत हंड्यांच्या रांगा लागतात. २०२० साली ‘वारंवार हात धुवा’ हा निरोप प्रत्येक फोनवर वाजत होता. त्याच उन्हाळ्यात मुंबई-नाशिक महामार्गाने, शहापूरवरून कसारा घाटाकडे, टाळेबंदीमुळे गावाकडे निघालेली माणसं लेकरं कडेवर घेऊन पायी चालली होती. त्यांना हात धुवायला पाणी कोण देणार होतं?

डोक्यावर दोन हंडे घेऊन विहिरीची चढण चढणारी बाई डोळ्यांसमोर आणा. पिण्याला किती, भांड्यांना किती, गुरांना किती, हा तिचा हिशेब. तिला स्वच्छतेचं व्याख्यान नको आहे. त्या हिशेबात हात धुण्याचा तांब्याभर वाटा सोडायला तिला जागा हवी आहे.

तुम्ही मुंबईत बसून वाचत असाल, तर हात चोळून होईपर्यंत नळ बंद ठेवा; ते पाणी भातसाच्या काठावरून आलेलं असू शकतं. तुम्ही शहापूर-मुरबाडचेच असाल, तर शौचाहून आल्यावर, बाळाची शी धुतल्यावर, भाकरी करण्याआधी, जेवण्याआधी आणि बाळाला भरवण्याआधी, या पाच वेळा तरी साबण चुकवू नका. पाणी कमी असेल तर खालच्या बाजूला बारीक भोक पाडलेला एखादा डबा मोरीजवळ टांगा. थोडक्या धारेत सगळ्या घराचे हात धुऊन होतात. साबण शेजारीच असू द्या. आणि ग्रामसभेत उभं राहून विचारा: अंगणवाडीत आणि शाळेत मुलांचे हात धुवायला बारा महिने पाणी आणि साबण आहे का? उत्तर मिळेपर्यंत पुन्हा विचारा.

आपला हात धुणं आपल्या एकट्याच्या हातात आहे. प्रत्येक हाताला धुवायला पाणी मिळणं आपल्या सगळ्यांच्या हातात आहे. पहिलं आजच्या जेवणाआधी करा. दुसऱ्याची सुरुवात पुढच्या ग्रामसभेत करा.