घडाघडा वाचणाऱ्यांचं काय करायचं?

पुढचा मजकूर एकदा वाचावा. ‘काल सकाळी मोरबट गिबू खमट्याच्या काठी लुंबत होता. तेवढ्यात त्याला एक दुंगरी फिबा दिसली. गिबूने ती हळूच चिंबवली आणि टोपसाला दिली.’ आता प्रश्न. गिबू कुठे लुंबत होता? त्याला काय दिसलं? फिबा कशी होती? ती त्याने कोणाला दिली? चारही उत्तरं कोणालाही बिनचूक देता येतील आणि पैकीच्या पैकी गुण मिळतील. फिबा ही खायची वस्तू की पाळायची, हे मात्र शेवटपर्यंत कळणार नाही.

मराठी माध्यमाच्या शाळेतली सातवी-आठवीतली कितीतरी मुलं इंग्रजीचा धडा नेमका असाच वाचतात आणि असाच सोडवतात. प्रश्नातला ठळक शब्द धड्यात शोधायचा, तो सापडला की ते अख्खं वाक्य उचलून वहीत उतरवायचं. काही वर्गांत तेवढंही करावं लागत नाही. ‘इथून इथपर्यंत पहिल्याचं उत्तर, इथून इथपर्यंत दुसऱ्याचं’ असं सांगितलं जातं आणि चाळीस पेन्सिली एकदम खुणा करतात.

महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं ते 2000 साली, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना. तेव्हा वाद रंगला तो बोलीचा, संस्कृतीचा, मातृभाषेवर होणाऱ्या आक्रमणाचा. मुलांना इंग्रजी वाचून कळायला लागण्यासाठी वर्गात रोज नेमकं काय करायचं, हा रुक्ष प्रश्न त्या गदारोळात मागच्या बाकावर गेला तो गेलाच.

‘असर’ या शालेय शिक्षणाच्या देशव्यापी अहवालाच्या पाहण्यांमधून आजची स्थिती दिसते. 2022 च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या मुलांपैकी 24.5 टक्क्यांना इंग्रजीतली साधी वाक्यं वाचता आली. 2016 साली हा आकडा 24.7 होता, म्हणजे सहा वर्षांत जागचं काही हललं नाही. त्याहून बोलका तपशील 2023 च्या पाहणीत आहे. 26 राज्यांतल्या 28 ग्रामीण जिल्ह्यांत 14 ते 18 वयाच्या मुलामुलींना इंग्रजी वाक्यं वाचायला दिली, तेव्हा 57.3 टक्क्यांनी ती वाचली. या वाचणाऱ्यांना अर्थ विचारला, तर तो सांगता आला 73.5 टक्क्यांना. थोडक्यात, वाचणाऱ्या दर चारांतल्या एकाच्या तोंडून वाक्य बाहेर पडलं, पण त्यातलं डोक्यात काही उतरलं नाही. ही वाक्यंही चार-पाच शब्दांची, रोजच्या व्यवहारातली होती. दहावीच्या उताऱ्यात काय होत असेल, याचा अंदाज ज्याचा त्याने करावा.

असं होण्याला एक कारण आपल्या लिपीत आहे. मराठी मूल एकदा बाराखडी आणि जोडाक्षरं शिकलं की समोर येईल ते वाचतं आणि मराठी त्याची घरचीच असल्यामुळे वाचता वाचता त्याला कळतही जातं. त्यामुळे वाचता येणं म्हणजेच कळणं, असा आपला पिढ्यान् पिढ्यांचा ग्रह झाला आहे. इंग्रजीत ही दोन कामं सुटी सुटी होतात. कुठल्याही जिल्हा परिषद शाळेतलं वापरलेलं इंग्रजीचं पुस्तक उघडलं तर ओळींच्या वर बारीक पेन्सिलीने देवनागरी लिहिलेली सापडते. ‘द ओल्ड मॅन वॉज टायर्ड.’ मूल वाचतं ते वरची ओळ. अधिकारी तपासणीला आले की पुस्तक धरून घडाघडा वाचणारा मुलगा उभा केला जातो. शेरा चांगला मिळतो, साहेब पुढच्या वर्गात जातात आणि म्हातारा का दमला होता हे कोणीच विचारत नाही.

फिलिप गॉफ आणि विल्यम टनमर यांनी 1986 साली याचं एक साधं सूत्र मांडलं. अक्षरांतून शब्द ओळखणं गुणिले भाषा समजणं, म्हणजे वाचनाचं आकलन. यातली मेख गुणाकारात आहे. दोहोंपैकी एक जरी शून्य असलं, तरी दुसरं कितीही मोठं असून उपयोग नाही. घडाघडा वाचणाऱ्याचं पहिलं पद भक्कम असतं, म्हणून तर त्याचं दुसरं पद तपासावं असं कोणाला वाटत नाही.

आपल्याकडची रूढ पद्धत अशी, की सर किंवा मॅडम एक ओळ वाचतात, तिचा मराठीत अर्थ सांगतात आणि पुढची ओळ घेतात. धडा संपेपर्यंत मुलांना गोष्ट व्यवस्थित कळलेली असते. पण ती कळली कानाने आणि मराठीतून. डोळ्यांसमोरच्या इंग्रजीशी झुंजायचं काम शिक्षकाने केलं, मुलांनी गोष्ट ऐकली. या पद्धतीला नावं ठेवणारे लगेच निष्कर्ष काढतात, की दोष मराठीचा, सबब इंग्रजीच्या तासाला मराठीवर बंदी घाला. काही इंग्रजी शाळांतून मराठी बोलल्याबद्दल दंडही घेतला जातो, तो याच समजुतीपोटी.

निदान चुकतं ते इथे. तासाला मराठी बोलली जाते का, यापेक्षा ती कोण बोलतंय आणि कशासाठी, हे पाहायला हवं. जिम कमिन्स यांनी 1979 पासून सातत्याने मांडलं, की एका भाषेत कमावलेली विचार करण्याची, अर्थ लावण्याची ताकद दुसऱ्या भाषेत कामाला येते. उताऱ्याचा परिच्छेद मुलांनी आपापला वाचला आणि मग जोडीत मराठीतून भांडली, की चोर आधीच पळाला होता की पोलीस आल्यावर पळाला, तर ते इंग्रजी वाचनाचंच शिक्षण आहे. त्या भांडणाचा निकाल लावायला त्यांना पुन्हा इंग्रजी ओळीकडेच जावं लागतं. शिक्षकाने सांगितलेल्या अर्थानंतर पुस्तकाकडे परत जायची गरजच उरत नाही.

भांडण नेमकं कुठे होतं, हेही पाहण्यासारखं आहे. ‘द मॅन हू सोल्ड द बुलक टु गणपत वॉज लाफिंग.’ कोण हसत होतं? वर्गातून हमखास उत्तर येतं, ‘गणपत!’ मुलांचं तर्कशास्त्र चोख आहे, कारण हसण्याच्या सर्वांत जवळ गणपतच उभा आहे. मराठीत आपण ‘ज्याने गणपतला बैल विकला, तो हसत होता’ असं म्हणतो आणि तो ‘तो’ आपल्याला हाताला धरून नेमक्या माणसापाशी पोचवतो. इंग्रजी वाक्य तशी सोय ठेवत नाही. ‘द डॉग वॉज चेझ्ड बाय द कॅट’ या वाक्यातही कुत्रा आधी येतो म्हणून पाठलाग त्याच्याच नावावर लागतो. या वाक्यांतला एकही शब्द अवघड नाही. शब्दार्थांची यादी फळ्यावर लिहून देणाऱ्या तासात ही अडचण कधी दिसतच नाही. असं एक वाक्य घेऊन त्यावर दहा मिनिटं घालवली, कोणी काय केलं याची फळ्यावर बाण काढून चित्रं केली, तर तो वेळ सत्कारणी लागतो. अभ्यासक्रम पुरा करायच्या घाईत तो कोणाला चैनीचा वाटेल, एवढंच.

शिकवणं आणि तपासणं यांतली गल्लत काही फक्त आपलीच नाही. अमेरिकेत डोलोरेस डर्किन यांनी सत्तरच्या दशकात चौथीच्या वर्गांत बसून मिनिटामिनिटाची नोंद ठेवली. वाचनाच्या अध्यापनाची 4,469 मिनिटं पाहिली आणि त्यांत आकलन ‘शिकवण्यात’ गेलेली मिनिटं निघाली अवघी 20. बाकी वेळ प्रश्न विचारण्यात, उत्तरं तपासण्यात आणि स्वाध्याय वाटण्यात गेला होता. तिथे तर मुलांची घरची भाषाही इंग्रजीच होती.

मग शिकवायचं म्हणजे काय? 1984 साली ॲनमारी पालिंक्सर आणि ॲन ब्राउन यांनी याचं एक उत्तर प्रत्यक्ष करून दाखवलं. त्यांनी निवडलेली सातवीतली मुलं आपल्या ओळखीचीच आहेत. त्यांना वाचता बऱ्यापैकी येत होतं, कळत मात्र नव्हतं. शिक्षक आणि मुलं मिळून एक तुकडा वाचत. मग पुढे काय येईल याचा अंदाज बांधायचा, तुकड्यावर स्वतः प्रश्न तयार करायचा, अडलेली जागा उघड सांगायची आणि दोन वाक्यांत सार मांडायचं. आधी हे शिक्षक मोठ्याने करून दाखवत, ‘इथे माझी गाडी अडली, म्हणून मी मागची ओळ परत वाचतो’ असं बोलून. मग हळूहळू शिक्षकाची खुर्ची मुलांकडे जाई. आकलनात लक्षणीय वाढ झाली आणि ती टिकली.

आपल्या वर्गाला यातली सर्वांत जड जाणारी पायरी तिसरी, अडलेली जागा सांगण्याची. ‘समजलं का?’ या प्रश्नाला ‘हो ऽऽ’ असं एका सुरात ओरडायची सवय पहिलीपासून अंगवळणी पडलेली असते. ‘नाही समजलं’ म्हणणारा मुलगा ‘ढ’ ठरतो. त्यापेक्षा प्रश्नच बदलावा. ‘या परिच्छेदात सगळ्यात अवघड वाक्य कोणतं?’ असं विचारलं की अडणं ही कामाचीच बाब होते आणि हुशार पोरंही बोट वर करतात.

वाचणाऱ्याच्या गाठीला आधीपासून काय आहे, यावरही पुष्कळ ठरतं. डोना रेक्ट आणि लॉरेन लेस्ली यांनी 1988 साली मुलांना बेसबॉलच्या सामन्याचं वर्णन वाचायला दिलं. वाचनात कच्ची पण बेसबॉल कोळून प्यायलेली मुलं, वाचनात पक्की पण त्या खेळातलं ओ की ठो न कळणाऱ्या मुलांपेक्षा सरस ठरली. सांगोल्याच्या किंवा शहाद्याच्या मुलापुढे बर्फात घसरगुंडी खेळायचा उतारा ठेवून त्याचं इंग्रजी मोजणं म्हणूनच फसवं असतं. तिथे मोजला जातो तो बर्फ. त्याच मुलाला शेवटच्या षटकाचं इंग्रजी वर्णन दिलं तर तो अनोळखी शब्दांवरूनही उड्या मारत पुढे जातो, कारण मैदानात काय चाललंय ते त्याला ठाऊक असतं. बर्फाचा उतारा टाळावा असं नाही. त्याआधी पाच मिनिटं त्या बर्फाविषयी मराठीत बोलावं, चित्र दाखवावं, इतकंच.

भारतातला या बाबतीतला मोलाचा प्रयोग एन. एस. प्रभू यांचा. 1979 ते 1984 या काळात दक्षिणेतल्या काही शाळांत त्यांनी व्याकरणाचे पाठ बाजूला ठेवले आणि मुलांना रेल्वेची वेळापत्रकं, नकाशे असं साहित्य दिलं. कोणत्या गाडीने गेलं तर लवकर पोचू, मध्ये किती वेळ थांबावं लागेल, असली कोडी. आधी एक कोडं शिक्षक सगळ्या वर्गासमोर बोलत बोलत सोडवी, मग तशाच दुसऱ्याशी प्रत्येक मूल एकटं झटे. काम झेपण्याजोगं आहे की नाही याची प्रभूंची कसोटी व्यवहारी होती. निदान निम्म्या मुलांना निम्मं काम जमलं पाहिजे. तसं झालं नाही तर काम अवघड आहे, मुलं मठ्ठ नाहीत. ही कसोटी आपल्या पाठ्यपुस्तकांना लावली तर काय होईल, हा विचार करून पाहण्यासारखा आहे.

असं साहित्य आज घरोघर पडलेलं असतं. औषधाच्या दुकानात मिळणारं ओआरएसचं पाकीट घ्यावं. त्यावर बारीक इंग्रजीत लिहिलेलं असतं, की सगळी पूड एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात विरघळवा आणि चोवीस तासांत संपवा. आता प्रश्न असा, की शेजारच्या काकूंनी अर्धं पाकीट पेलाभर पाण्यात घालून बाळाला पाजलं आणि उरलेलं पाणी परवासाठी ठेवलं, तर त्यांचं कुठे कुठे चुकलं? हे उत्तर पाकिटावर कुठेही लिहिलेलं नाही, त्यामुळे उचलून उतरवता येत नाही. लहान पाकीट दोनशे मिलिलिटरचं असतं हे एखादी मुलगी वर्गात सांगते, दुसरी उद्या घरून ते घेऊन येते आणि दोन पाकिटांवरचा मजकूर ताडून पाहायचं कामच सुरू होतं.

बोर्डाने प्रयत्न केले नाहीत असं म्हणता येणार नाही. प्रश्नपत्रिकेच्या जागी कृतिपत्रिका आली ती घोकंपट्टीला आळा घालायलाच. पुस्तकाबाहेरचा उतारा आहे आणि उताऱ्याखाली मुलाचं स्वतःचं मत विचारणारी कृतीही आहे. पण गाईड छापणाऱ्यांची बुद्धी बोर्डाच्या एक पाऊल पुढेच चालते. मुलाच्या स्वतःच्या मताची तयार उत्तरंही गाईडमध्ये मिळतात आणि एका गावातल्या सगळ्या मुलांचं पर्यावरणाबद्दलचं वैयक्तिक मत शब्दशः सारखं निघतं. उत्तरपत्रिका तपासणाऱ्यालाही ते पाठ झालेलं असतं.

शेवटी प्रश्न उरतो पुस्तकांचा, कारण वर्षाला वीसेक धडे वाचून कोणी वाचक होत नाही. वॉरविक एली आणि फ्रान्सिस मंगुभाई यांनी फिजी बेटांवरच्या खेड्यांतल्या शाळांत एक प्रयोग केला. तिथेही इंग्रजी ही परकी भाषा आणि घरी पुस्तकांची वानवा. चौथी-पाचवीच्या वर्गांना सचित्र गोष्टींची अडीचशे पुस्तकं दिली आणि रोज ती वाचायला वेळ दिला. 1983 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार या मुलांची वाचून आणि ऐकून समजण्यातली प्रगती नेहमीच्या दुप्पट वेगाने झाली.

आपल्याकडे समग्र शिक्षा योजनेतून शाळांना ग्रंथालयासाठी दरवर्षी 5,000 ते 20,000 रुपयांपर्यंत तरतूद असते. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवर तर हजारो गोष्टी फुकट आहेत, त्यातल्या पुष्कळ मराठीत आणि इंग्रजीतही, सोप्यापासून अवघडापर्यंत पायऱ्या लावलेल्या. आधी मराठीत आणि मग तीच गोष्ट इंग्रजीत, असं वाचणारं मूल शब्दकोशाशिवाय निम्मी वाट चालून जातं. अडचण पैशाची जेवढी आहे, त्याहून जास्त कुलपाची आहे. आलेली पुस्तकं रजिस्टरवर चढतात, फाटली तर जबाब कोणी द्यायचा या धास्तीने मुख्याध्यापकांच्या कपाटात जातात आणि तपासणीच्या दिवशी कोरी करकरीत बाहेर येतात. खरं तर पाचवीच्या पोरांनी कोपरे दुमडलेली, पानं सुटलेली पुस्तकं हा तपासणीत पाहायचा पुरावा असायला हवा. फाटलेल्या पुस्तकांचं निर्लेखन करायची रीत सरकारी दप्तराला काही नवी नाही.