खाज सोसावी का?

विवेकचूडामणीत तितिक्षेची व्याख्या फार कडक आहे. आद्य शंकराचार्यांच्या नावावर असलेला हा ग्रंथ सांगतो की वाट्याला येईल ते दुःख सोसायचं, आणि सोसताना त्यावर उपाय करायचा नाही, चिंता करायची नाही, रडायचं नाही. शेवटच्या दोन अटी मला पटतात. पहिलीपाशी मी अडते, कारण लोकांच्या हातात उपाय देण्यातच माझं आयुष्य गेलं. साताऱ्यात माझं मेडिकलचं दुकान आहे.

आमच्या अभ्यासवर्गातल्या एका काकूंनी हा पेच माझ्यापुढे नेमका मांडला. पावसाळा सरताना गवत फुलावर आलं की त्यांना शिंका सुरू होतात, नाक गळतं, डोळे चुरचुरतात आणि टाळूला आतून खाज सुटते. ही खाज सगळ्यांत वाईट, तिथे नख पोचत नाही. डॉक्टरांनी लिहून दिलेली सिट्रिझिन त्यांनी माझ्याकडूनच नेली होती, पण घेतली नव्हती. विचारलं तर म्हणाल्या, "अगं, गोळी घेतली की प्रतिकार झाला. मग मी सोसलं काय?"

प्रश्न प्रामाणिक होता, म्हणून मी तो घरी घेऊन गेले. मला वाटतं, त्याचं अर्धं उत्तर शरीरात काय घडतं यातच आहे.

गवताचे परागकण निरुपद्रवी असतात. पण काहींचं शरीर त्यांना शत्रू ठरवतं आणि त्यांच्याविरुद्ध आयजीई नावाची प्रतिपिंडं तयार करून ठेवतं. ती नाकाच्या नि डोळ्यांच्या अस्तरातल्या मास्ट पेशींवर जाऊन बसतात. पुढच्या खेपेला पराग त्यांना चिकटला की काही मिनिटांत त्या पेशी आपल्यात साठवलेलं हिस्टामिन बाहेर ओततात. त्याने बारीक रक्तवाहिन्या सैलावतात, द्रव पाझरतो, नसांची टोकं चेतवली जातात. सूज, पाणी, खाज, शिंका येतात त्या इथून. परागाने यातलं काहीच केलेलं नाही. काकूंचं हे दुःख आधीपासूनच प्रतिकाराचं आहे, आणि तोही जो शत्रू नव्हताच त्याच्याशी केलेला.

आता गोळीचं पाहू. सिट्रिझिन परागाला हात लावत नाही, हिस्टामिनलाही नष्ट करत नाही. हिस्टामिन ज्या एच-१ रिसेप्टरवर काम करतं, तो शांत आणि चेतलेल्या अशा दोन अवस्थांमध्ये हेलकावत असतो. गोळी त्याला शांत अवस्थेत धरून ठेवते. मोठ्या माणसाला 10 मिलिग्रॅमची एक गोळी. तासाभरात गुण येऊ लागतो आणि साधारण दिवसभर टिकतो. मी काकूंना म्हटलं, "ही गोळी कुणाशी लढत नाही. तुमच्या अंगात विनाकारण चाललेली लढाई ती थांबवते."

काकू क्षणभर थांबल्या. मग म्हणाल्या, "शरीरापुरतं खरं असेल. पण मी शरीर नाही ना? त्याला लढू दे, मी पाहीन."

इथे मला हिस्टामिनची दुसरी बाजू आठवली. मला ती या सगळ्या विषयात सर्वांत विलक्षण वाटते. हेच हिस्टामिन मेंदूत आपल्याला जागं ठेवतं. हायपोथॅलॅमसमधल्या काही चेतापेशी ते सोडतात. आपण जागे असताना त्या सक्रिय असतात, झोपेत गप्प होतात. डॅनियल बोव्हे यांनी 1937 मध्ये पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये पहिलं अँटिहिस्टामिन शोधलं, 1957 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. पण त्यानंतर आलेल्या जुन्या गोळ्या, आपल्याकडची एव्हिल किंवा सीपीएम, मेंदूतही शिरतात आणि माणूस पेंगतो. सिट्रिझिन मेंदूत बरीच कमी जाते. तरी काहींना तिनेही झोप येते, म्हणून गाडी चालवणाऱ्यांना मी आवर्जून सांगते. फेक्सोफेनाडिन तर जवळपास जातच नाही.

मला माझी कसोटी इथे सापडली. जो उपाय दुःख शमवताना ते जाणणाऱ्यालाही गुंगी आणतो, तो साधकाने जपून घ्यावा. जो जाणणाऱ्याला जागं ठेवतो, त्याने तितिक्षेचं काही बिघडत नाही. अद्वैती म्हणतील, साक्षी गाढ झोपेतही असतोच. असेल. पण तितिक्षा मनाने करायची असते, आणि पेंगुळलेलं मन काही सोसत नाही. टाळूच्या खाजेत अडकलेलंही नाही. काकू तासभर वर्गात बसायच्या आणि त्यांचं सगळं लक्ष टाळूवर असायचं.

एका बाबतीत मात्र मी वाद घालतच नाही. शेंगदाणे खाल्ल्यावर किंवा मधमाशी चावल्यावर कुणाचा घसा आवळू लागला, श्वास अडकला, भोवळ आली, तर तिथे ना तितिक्षा, ना सिट्रिझिन. अ‍ॅड्रेनालिनचं इंजेक्शन आणि लगेच दवाखाना.

काकू आता रात्री गोळी घेतात. मूत्रपिंडं थोडी मंदावलेली असल्यामुळे डॉक्टरांनी त्यांना निम्मीच, 5 मिलिग्रॅम, सांगितली आहे, कारण हे औषध बहुतांशी लघवीवाटेच बाहेर पडतं. शिंका आणि खाज थांबली. चोंदलेल्या नाकावर या गोळीचा फारसा इलाज चालत नाही. त्यासाठी दिलेला स्प्रे काकूंनी अजून उघडलेला नाही. तेवढं मी सोसणार, म्हणतात. त्यावरून आमचा वाद चालू आहे.