दगडू आणि दया

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात, धामणगावला जन्मलेल्या दया पवारांचं ‘बलुतं’ हे आत्मकथन 1978 साली आलं. त्याची मांडणीच विलक्षण आहे. दगडू मारुती पवार आपली कहाणी सांगतो आणि दया पवार ती ऐकतो. दोघे अर्थातच एकच. एक महारवाड्यातला, ज्याला पदोपदी पायरी दाखवली गेली असा पोर. दुसरा शिकलेला, नोकरदार, ‘कोंडवाडा’चा कवी. पगार सुरू झाला, नाव झालं, तरी आतला दगडू वेगळाच राहिला. लहानपणची हेटाळणी कानाआड होत नाही, ती मुलाच्या स्वतःविषयीच्या मतात मुरते, याचा इतका ठसठशीत पुरावा क्वचितच सापडेल.

यावर कुणी म्हणेल, अपमानानेच माणूस पेटून उठतो. टोमणे खाल्ले म्हणून तर पवार लिहिते झाले. हा हिशेब अर्धाच आहे. तेच टोमणे खाल्लेली बरोबरीची कितीतरी पोरं कुठे विरून गेली, याची नोंद कुणी ठेवली नाही. पवारांच्या पाठीशी कष्ट करून शिकवणारी आई होती, संगमनेरचं बोर्डिंग होतं, ताठ मानेने जगायला शिकवणारी आंबेडकरी चळवळ होती. अपमान सगळ्यांच्याच वाट्याला आला. आधार मिळाला त्यांना बोलता आलं. दुसरा आक्षेप असा, की जातीचा छळ आणि वर्गातली चिडवाचिडवी एका तागडीत कशी तोलता? तोलू नयेच, जातीच्या छळामागे अख्खी समाजव्यवस्था उभी असते. पण रंगावरून, तोतरेपणावरून, बापाच्या धंद्यावरून रोज एकाच मुलाला गाठलं जातं, तेव्हा लोक म्हणतात तेच तो स्वतःला म्हणू लागतो. थट्टेत आज तुझी, उद्या माझी पाळी असते. पाळी कधीच बदलत नसेल, तर तो छळच.

रॅगिंगविरुद्ध महाराष्ट्रात 1999 पासून कायदा आहे. तो छळणाऱ्याला आवरेल. खचलेल्या मुलाला उभं करणं मात्र घरातल्या आणि शाळेतल्या मोठ्यांनाच जमेल. म्हणून मूल तक्रार घेऊन आलं की ‘दुर्लक्ष कर’ किंवा ‘तूही दोन ठेवून दे’ असं सांगून मोकळे होऊ नका. आधी त्याचं पुरतं ऐका, चूक त्याची नाही हे स्वच्छ शब्दांत सांगा, आणि दुसऱ्याच दिवशी शाळेत जाऊन शिक्षकांना भेटा.