उसाचा केवडा आणि चहातला हिराकस

लोणी देवकर,
ता. इंदापूर, जि. पुणे

चि. ताई,

खताच्या बिलावर ‘हिराकस १० किलो’ असं वाचून तू परवा फोनवर विचारलंस, की हे कसलं औषध? अगं, त्याच पोत्यावर ‘फेरस सल्फेट’ असं छापलेलं आहे. तुझ्या अकरावीच्या प्रयोगशाळेत बरणीत हिरवट खडे असतात ना, तेच हे. दुकानदार जुनं नाव लिहितो, कंपनी नवं छापते, एवढंच. फोनवर सांगून भागलं असतं, पण त्या पोत्यामागे बरंच काही आहे, म्हणून लिहायला बसलो.

आधी आपल्या शेतातलं सांगतो. खोडव्याच्या कोवळ्या पानांत शिरा हिरव्या राहतात आणि मधला भाग पिवळा पडतो. दुर्लक्ष केलं तर पुढे पानंच्या पानं पांढरट होतात. याला आपण ‘केवडा पडला’ म्हणतो. तुला वाटेल, जमिनीत लोह कमी असेल. तसं नाही. आपली काळी जमीन काळ्या दगडातून झालेली आहे, तिच्यात लोहाला तोटा नाही. अडचण चुनखडीची आहे. सामू आठाच्या वर गेला की लोह मातीत गंजून बसतं, पाण्यात उतरत नाही आणि मुळाला उचलता येत नाही. घरात धान्य भरलेलं, पण कणगीला कुलूप, असा हा प्रकार.

हिराकसातलं लोह पाण्यात चटकन विरघळतं आणि मुळाला घेता येईल अशा रूपात असतं. पण नुसता फोकून दिला तर चुनखड त्यालाही धरते आणि थोड्याच दिवसांत त्याचाही गंज होतो. म्हणून एकरी दहा किलो हिराकस दहापट कुजलेल्या शेणखतात कालवायचा, ओलसर ठेवून पाच-सहा दिवस झाकून मुरवायचा आणि मग सरीत द्यायचा. शेणखतातली आम्लं लोहाला सांभाळून ठेवतात. हे मी माझ्या मनाचं सांगत नाही, आपल्याकडच्या ऊस संशोधकांची हीच शिफारस आहे. तरी गावातले निम्मे लोक तो युरियाबरोबर फेकतात आणि वर म्हणतात, ‘हिराकसात दम राहिला नाही.’

खरेदी करताना रंग बघत जा. ताजा हिराकस फिकट हिरवा, काचेच्या तुकड्यांसारखा दिसतो. पोतं उघडं राहिलं, दमट हवा लागली की खड्यांवर पिवळट-तपकिरी भुकटी चढते. ते लोह पोत्यातच गंजायला लागलेलं असतं. अशा मालाला पुरे पैसे देऊ नयेत.

काचेवरून आठवलं. युरोपात या खड्यांना ‘व्हिट्रिऑल’ म्हणत, लॅटिनमध्ये काचेला जो शब्द आहे त्यावरून. हिरवं व्हिट्रिऑल म्हणजे हिराकस, निळं म्हणजे आपलं मोरचूद, पांढरं म्हणजे झिंक सल्फेट. तिन्ही गंधकाम्लाचे क्षार. आज इंदापूरच्या कुठल्याही कृषी सेवा केंद्रात ही तिन्ही भावंडं शेजारी शेजारी मिळतात. हिराकस उसाला, झिंकही उसालाच, आणि मोरचूद चुन्यात कालवून बोर्डो मिश्रणासाठी डाळिंबाला. गंधकाम्ल मुळात निघालं ते या हिराकसातूनच. तो खूप तापवला की मागे तांबडी भुकटी उरते आणि धूर निघतो. तो धूर पाण्यात धरला की जळजळीत, तेलकट द्रव मिळतो, म्हणून त्याला ‘ऑइल ऑफ व्हिट्रिऑल’ म्हणत. १७४६ मध्ये जॉन रोबक याने बर्मिंगहॅमला शिशाच्या खोल्यांत गंधक जाळून ते आम्ल करायला सुरुवात केली आणि हिराकस भाजण्याचा धंदा हळूहळू मागे पडला.

आपल्याकडे याचं संस्कृत नाव कासीस. ‘रसरत्नसमुच्चय’ या जुन्या रसशास्त्राच्या ग्रंथात आठ उपरसांमध्ये गंधक, गेरू, हरताळ यांच्या पंगतीला कासीस आहे. त्याचे वालुकाकासीस आणि पुष्पकासीस असे दोन प्रकारही सांगितले आहेत.

पण घरोघरी हिराकस पोचला तो औषधापेक्षा काळ्या रंगामुळे. हिरडा, मायफळ, बाभळीची साल, डाळिंबाची साल, या सगळ्यांत टॅनिन असतं. लोह आणि टॅनिन भेटले की गडद काळा रंग तयार होतो. कातडं काळं करायला तो लागे, कापड काळं रंगवायला लागे. जुन्या बायका दातांना दातवण लावत, त्यातही हिरड्याबरोबर हिराकस असे. काळे दात तेव्हा शोभेचे मानत. तुला हसू येईल, पण तुझ्या नखांवरचे रंग बघून मलाही येतं.

शाईचं तर हे मोठंच प्रकरण. युरोपात मायफळ आणि हिराकसाच्या शाईने शतकानुशतकं दस्तऐवज लिहिले गेले. ती लिहिताना फिकी असते आणि हवा लागली की काळी होते. पण तिच्यात आम्ल असतं, ते कागद खातं. तिकडच्या कित्येक जुन्या कागदांत अक्षरांच्या जागी भोकं पडली आहेत. काजळ आणि डिंकाची आपली शाई त्या मानाने गरीब स्वभावाची, कागदाला हात लावत नाही. माझं मत विचारशील तर मी काजळाच्या बाजूचा.

तुला हे डोळ्यांनी पाहता येईल. डाळिंबाची साल तू कचऱ्यात टाकतेस, ती मूठभर घेऊन पाण्यात उकळ आणि गाळ. पिवळट काढा निघेल. त्यात हिराकसाचे दोन-चार खडे टाक. डोळ्यांदेखत काळं होईल. चमचा स्टीलचा नको, लाकडाची काडी घे. भांडंही स्वयंपाकातलं घेऊ नकोस आणि तोंडात काही घालू नकोस. खताच्या पोत्यातला हिराकस खाण्याइतका शुद्ध नसतो.

शुद्ध हिराकस मात्र तू खातेस. शाळेत दर आठवड्याला मुलींना जी निळी गोळी देतात, लोह आणि फॉलिक ॲसिडची, त्यातलं लोह म्हणजे फेरस सल्फेटच. आता गोळीवर चहा घेतलास तर काय होतं ते कळलं ना? चहातलं टॅनिन लोहाला पोटातच धरून ठेवतं आणि रक्तात जाणारं लोह कमी होतं. चुनखड उसाशी जे करते, तेच चहा तुझ्याशी करतो.

तुझी आई सांगत होती, गोळी घेतलीस की तोंड कडू झालं म्हणून लगेच चहा मागतेस. तो तासाभराने घेत जा. कडवटपणा जायला लिंबाचं सरबत घे, त्याने लोह जास्त अंगी लागतं. गोळी मात्र चुकवू नकोस.

तुझे,
आजोबा