कुणालाही न नाकारणारा गुरू

तत्त्वज्ञान शिकवणाऱ्याला एखादा प्रश्न आयुष्यभर पुरतो. माझा प्रश्न असा: गुरू समोर नसेल तर ज्ञान होतं का? आपल्या परंपरेचं उत्तर ठाम आहे. मुंडकोपनिषद जिज्ञासूला हातात समिधा घेऊन ब्रह्मनिष्ठ गुरूकडे जायला सांगतं. जायचं, दारात उभं राहायचं, त्याने आत घेतलं तर राहायचं आणि मग विचारायचं. यातलं ‘आत घेतलं तर’ सहसा कुणी मोठ्याने म्हणत नाही. ते मला ठळक दिसलं ते कॉलेजातल्या एका टीव्हीमुळे.

सातपुड्याच्या पायथ्याशी, तेव्हाच्या धुळे जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी शिकवत असे. मुलींच्या वसतिगृहाची रेक्टरही मीच होते. 15 ऑगस्ट 1984 रोजी विद्यापीठ अनुदान आयोगाने दूरदर्शनवर ‘कंट्रीवाइड क्लासरूम’ सुरू केला. इन्सॅट-1बी हा उपग्रह आदल्या वर्षी आकाशात गेला होता. त्याच्यामुळे एक धडा एकाच वेळी साऱ्या देशात दिसू शकत होता. कार्यक्रम बनवण्यासाठी पुणे, अहमदाबाद अशा ठिकाणच्या विद्यापीठांत स्टुडिओ उभे राहिले. रोख होता तो लहान गावांतल्या पदवीच्या मुलांवर, ज्यांच्या ग्रंथालयात पुस्तकं नाहीत आणि प्रयोगशाळेत उपकरणं नाहीत. परीक्षेचा अभ्यासक्रम शिकवायचा नाही, कुतूहल जागवायचं, असं धोरण होतं. पेशींचं विभाजन, हिमनद्या, मोहेंजोदडो, कथकली, सगळं त्या एका तासात येऊन जाई.

आमच्याकडे संच यायला काही वर्षं लागली. तो ग्रंथालयाच्या हॉलमध्ये लाकडी कपाटात ठेवलेला असे आणि किल्ली ग्रंथपालांकडे. गच्चीवरचा अँटेना वाऱ्याने फिरला की पडद्यावर मुंग्या दिसत, मग एक मुलगा वर चढे आणि खालून बाकीचे ओरडून दिशा सांगत. दुपारच्या त्या तासाला मोठी अडचण होती ती भाषेची. बहुतेक कार्यक्रम इंग्रजीत. माझ्या वसतिगृहातल्या कितीतरी मुली घरी पावरी किंवा भिलोरी बोलत, मराठी त्यांनी शाळेत शिकून घेतलेली, इंग्रजी म्हणजे पाठ केलेले परिच्छेद. पडद्यावरचे प्राध्यापक स्वच्छ, संथ, उत्तम बोलत, आणि हॉलमधल्या निम्म्या जणी फक्त चित्रं पाहत.

तरी त्या येत. मला याचं कारण शोधावंसं वाटलं. सॉक्रेटिसची लेखनाबद्दलची एक तक्रार प्लेटोने ‘फीड्रस’मध्ये नोंदवली आहे: लिहिलेल्या शब्दाला काही विचारा, तो गप्प राहतो किंवा तेच ते पुन्हा सांगतो, आणि कोणाशी बोलावं, कोणाशी नाही हे त्याला कळत नाही. टीव्हीलाही ही तक्रार जशीच्या तशी लागू आहे. पण तिच्या शेवटच्या भागापाशी मी नेहमी अडते. कोणाशी बोलू नये हे टीव्हीला कळत नाही, यातच त्याचं थोरपण नाही का? आमच्या हॉलमधल्या मुलींपैकी बऱ्याच जणींच्या घरात त्यांच्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं. त्यांच्याशी बोलायचं की नाही हे ठरवण्याचा अधिकार हजारो वर्षं कुणीतरी स्वतःकडे ठेवला होता. या काचेला तो अधिकारच नव्हता. पडद्यावरच्या बाईंनी हिमनदीबद्दल जे दिल्लीच्या मुलीला सांगितलं तेच आमच्या पाड्यावरच्या मुलीला सांगितलं, त्याच सुरात, त्याच आदराने. एवढ्यासाठीच मुली येत असाव्यात.

2 ऑक्टोबर 1988 पासून रविवारी सकाळी बी. आर. चोप्रांचं ‘महाभारत’ सुरू झालं. कपाटाची किल्ली रविवारी माझ्याकडे असे. हॉल भरून जाई, शिपायाच्या घरची माणसं येत, बाजाराला आलेले लोक खिडकीतून बघत. आधीच्या ‘रामायणा’च्या वेळी लोकांनी टीव्हीला हार घातल्याचं आपण सर्वांनी पाहिलं किंवा वाचलं आहे. आमच्याकडेही कोणी उदबत्ती लावली तर मी अडवत नसे. श्रद्धेने बघणं हेही बघणंच आहे, आणि नीट बघण्याची सुरुवात पुष्कळदा तिथूनच होते असं माझं मत आहे.

एकलव्याची कथा आली त्या रविवारी हॉलमध्ये नेहमीची कुजबुज नव्हती. द्रोण निषादपुत्राला नाकारतो. तो अरण्यात जाऊन द्रोणाचा मातीचा पुतळा करतो, त्याच्यासमोर अभ्यास करतो आणि अर्जुनाच्या बरोबरीला जातो. मग द्रोण येतो आणि अंगठा मागतो. कार्यक्रम संपल्यावर मुली उठल्या नाहीत. मी त्यांना काय वाटलं ते विचारलं. गुरुभक्तीबद्दल दोघीतिघी बोलल्या, पुस्तकात असतं तसं. मग पहिल्या वर्षाची एक पावरा मुलगी, जी वर्गात कधी तोंड उघडत नसे, म्हणाली, “मॅडम, पुतळाच बरा होता. त्याने अंगठा नाही मागितला.”

या वाक्यावर मी आजही विचार करते आहे. गुरूच्या सान्निध्याचा महिमा गाणाऱ्या परंपरेत ही कथा काट्यासारखी रुतून बसली आहे. सान्निध्याचा अनुभव एकलव्याला दोनदा आला: एकदा नकार म्हणून, एकदा मागणी म्हणून. त्याचं शिक्षण झालं ते मधल्या काळात, जेव्हा गुरू समोर नव्हता. ज्यांना गुरूच्या घरात सहज प्रवेश मिळत आला त्यांना सान्निध्य पवित्र वाटणं स्वाभाविक आहे. ज्यांना मिळाला नाही त्यांच्यासाठी न बघणारा पुतळा आणि न बघणारा पडदा ही मोठीच सोय आहे. तो तुमची जात विचारत नाही, तुमच्या उच्चाराला हसत नाही.

पण मी त्या दिवशी तिला एक उलटा प्रश्न विचारला. एकलव्याचा बाण चुकला तेव्हा पुतळ्याने काय केलं? ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “काहीच नाही. त्याचं त्यालाच कळलं असेल.” धनुर्विद्येत हे चालतं. बाण चुकला की डोळ्यांना दिसतं. पण ‘मुक्ती’ या शब्दाचा किंवा गुरुत्वाकर्षणाचा आपल्याला लागलेला अर्थ चुकला आहे हे कोण दाखवणार? तिथे चूक दिसत नाही, ती आपल्याला ज्ञानच वाटते. न नाकारणारा गुरू न बघणाराही असतो, ही त्याची दुसरी बाजू आहे. त्याच्यासमोर अपमान होत नाही आणि दखलही घेतली जात नाही.

मला वाट दाखवली ती बहिणाबाईंनी, शिऊरच्या, तुकोबांच्या शिष्येने. स्वतः तुकोबांना गुरूचा उपदेश मिळाला तो स्वप्नात, हे त्यांनीच सांगून ठेवलं आहे. म्हणजे वारकऱ्यांना अनुपस्थित गुरू परका नाही. बहिणाबाईंची गोष्ट आणखी बोलकी आहे. ब्राह्मण घरातली विवाहित मुलगी, कुणब्याच्या घरातल्या तुकारामाला गुरू मानते, म्हणून घरात छळ होतो. ती कोल्हापुरात, तुकोबा देहूला. तरी अनुग्रह झाला, तोही स्वप्नातच. इथवर सगळ्यांना ठाऊक असतं. पण तुकोबांचे अभंग तिच्या कानांवर पडले कसे? जयरामस्वामींच्या कीर्तनांतून. मध्ये एक माणूस उभा होता. त्याने दूरच्या कवीचा शब्द उचलला, आपल्या तोंडाने गायला, समोर बसलेल्या बायाबापड्यांकडे बघत उलगडला. आणि पुढे बहिणाबाई देहूला गेली. म्हणजे स्वप्नावर ती थांबली नाही.

कीर्तनकार गुरू नसतो, तसा दावाही तो करत नाही. पण दूरचा शब्द त्याच्यामुळे समोरच्या माणसाचा होतो. हे उमगल्यावर मी ग्रंथपालांना आणि प्राचार्यांना विनंती करून दुपारचा तो तास वेळापत्रकात घालून घेतला. विषयाच्या शिक्षकाने हॉलमध्ये थांबायचं, कार्यक्रमानंतर संच बंद करायचा आणि बोलायचं. भूगोलाच्या सरांना यात विशेष हातोटी होती. हिमनदीचा कार्यक्रम संपल्यावर त्यांनी विचारलं, आपल्या तापीला बर्फ कुठून मिळतं? मिळत नाही, हे मुलींना माहीत होतं. मग उन्हाळ्यात गंगेत पाणी का आणि आपल्या नदीत वाळू का, यावर हॉल तापला. कार्यक्रमातलं इंग्रजी कळलं नव्हतं त्यांनाही आता हिमनदी कळली. बृहदारण्यकात याज्ञवल्क्य मैत्रेयीला श्रवणानंतर मनन सांगतो. श्रवण दिल्लीहून आलं, मनन आमच्या हॉलमध्ये झालं. उपग्रहाला त्याहून जास्त करता येणार नाही आणि ते त्याच्याकडे मागणं अन्यायाचं आहे.

यश पाल यांना हे पक्कं ठाऊक होतं असं मला त्यांच्या कामावरून वाटतं. अहमदाबादच्या स्पेस ॲप्लिकेशन्स सेंटरचे संचालक असताना त्यांच्या देखरेखीखाली 1975-76 मध्ये सहा राज्यांतल्या 2,400 खेड्यांत ‘साइट’चा, म्हणजे उपग्रहाद्वारे टीव्हीवरून शिकवण्याचा, प्रयोग झाला. पुढे ते विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झाले. पण आमच्या मुलींना ते माहीत होते ‘टर्निंग पॉइंट’मुळे. प्रेक्षकांनी पाठवलेले प्रश्न घ्यायचे आणि त्यांची उत्तरं द्यायची, घाई न करता, प्रश्नातलं शहाणपण आधी दाखवून, ही त्यांची पद्धत. हा पडदा निदान ऐकत तरी होता. आमच्या वसतिगृहातही पोस्टकार्डं लिहिली जात. काय विचारायचं यावरून जेवणाच्या पंगतीत वाद होत, वाक्य नीट बसेपर्यंत कार्ड पेटीत पडत नसे. स्वतःचा प्रश्न जगापुढे ठेवण्याइतका मोलाचा आहे, हे त्या मुलींनी त्या पोस्टकार्डांतून शिकून घेतलं.

आता 2017 पासून ‘स्वयंप्रभा’ आहे. सुरुवातीलाच बत्तीस वाहिन्या, दिवसरात्र व्याख्यानं, आणि त्याहून कितीतरी जास्त मोबाइलवर. आमच्या कपाटातल्या त्या संचापुढे हा महासागर आहे. मला याचा मनापासून आनंद वाटतो. पण हॉल गेला. प्रत्येक मूल एकट्याने बघतं, कानात बोंडं घालून, आणि कार्यक्रम संपला की पुढचा आपोआप सुरू होतो. मध्ये कोणी संच बंद करत नाही. माझं भांडण एवढ्याशीच आहे. व्याख्यानं विकत घेता येतात, साठवता येतात, म्हणून शिक्षकांच्या जागा रिकाम्या ठेवल्या तरी चालेल असं ज्यांना वाटतं त्यांनी कीर्तनकाराला घरी पाठवून मंदिरात नुसती पोथी ठेवली आहे. आणि याचा फटका पहिल्यांदा बसतो तो ज्यांच्या घरी विचारायला कोणी नाही त्यांना.

ती पावरा मुलगी आता स्वतः एका कॉलेजात शिकवते. 2020 मध्ये वर्ग बंद पडले तेव्हा ती मोबाइलसमोर बसून शिकवत होती, समोर काळे चौकोन. तिने मला फोन केला. म्हणाली, “मॅडम, आता मीच पुतळा झाले.” बाण कुठे लागतो आहे हे तिला दिसत नव्हतं. धडगावकडच्या काही मुलांना रेंजच नव्हती, ती टेकडीवर चढून व्याख्यान उतरवून घेत. मग तिने शिकवण्याचा वेळ अर्ध्यावर आणला आणि उरलेल्या वेळात एकेका मुलाला साधा फोन लावायला सुरुवात केली. प्रश्न एकच: आज काय कळलं नाही? पहिल्या आठवड्यात मुलं “सगळं कळलं” म्हणत. नंतर एकाने धीर करून एक शंका विचारली, ती तिने नाव न घेता सगळ्यांना सांगितली, आणि मग शंका येऊ लागल्या. तिच्या वेळापत्रकात या फोनांना रकाना नाही, कामाच्या तासांत ते धरले जात नाहीत. ते धरले जावेत असा अर्ज तिने केला आहे, आणि त्या अर्जावर मीही सही केली आहे.