हिरव्याच्या पोटातले पिवळे

लाल माठ उकळत्या पाण्यात टाकला की पाणी गुलाबी होते आणि पाने हिरवी दिसू लागतात. स्वयंपाकघरात हे नेहमीचेच. तोच माठ वर्गात आणून विचारावे, "या लाल पानात हरितद्रव्य आहे का?" ज्यांचे उत्तर 'नाही' असेल, त्यांच्या डोळ्यांदेखत पान हिरवे होते. लाल रंग पाण्यात विरघळणारा, म्हणून तो निघून गेला. हरितद्रव्य पाण्यात विरघळत नाही, ते पानातच राहिले.

मग पालक घ्यावा. पाने ॲसिटोनमध्ये खलून त्या अर्काचा ठिपका गाळणकागदाच्या पट्टीवर द्यायचा, आणि पट्टीचे टोक पेट्रोलियम ईथर व थोड्या ॲसिटोनच्या मिश्रणात बुडवायचे. द्रव वर चढतो आणि एकच वाटणारा हिरवा ठिपका उलगडू लागतो. कॅरोटीन कागदाला फारसे धरून राहत नाही, ते सर्वांत पुढे धावते. त्याच्या मागे झँथोफिलचा पिवळा, मग निळसर हिरवा आणि शेवटी पिवळट हिरवा पट्टा. पिकल्या पानाचा पिवळेपणा कुठून येतो, हे इथे न सांगता कळते. तो आधीपासून तिथेच होता.

मिखाइल त्स्वेत या वनस्पतिशास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या आरंभी वॉर्सामध्ये खडूच्या भुकटीने भरलेल्या नळीतून पानांचा अर्क सोडून हेच रंग वेगळे केले. १९१९ मध्ये तो वारला. त्याच्या पद्धतीचे मोल रसायनशास्त्रज्ञांना पटले ते १९३१ नंतर. आज औषधांच्या प्रयोगशाळा त्याच तत्त्वावर चालतात.

कोकणातल्या शाळांजवळ तर समुद्रच आहे. किनाऱ्यावर वाहून आलेले सरगॅसम हे तपकिरी शेवाळ गरम पाण्यात टाकले तर तेही हिरवे होते. उष्णतेने त्यातल्या तपकिरी रंगद्रव्याची प्रथिनाशी असलेली जोडणी सुटते आणि झाकलेले हरितद्रव्य दिसू लागते. माठ आणि शेवाळ, दोघांची कारणे वेगळी. मुलांना त्यावर भांडू द्यावे. खरे शिकणे तिथेच होते.

मला वाईट वाटते ते न पाहिलेले पट्टे रंगीत पेन्सिलींनी रंगवलेल्या जर्नलांचे. शिक्षक मित्रांनो, ॲसिटोन किंवा पेट्रोलियम ईथर उघडे असताना जवळ ज्योत नको, एवढी काळजी घ्या. आकृती नंतर काढून घ्या. आधी पट्टी मुलांच्या हाती द्या, आणि रंग वर चढेपर्यंत उत्तर सांगू नका.